खाली येताना

झाशीत इलाइट चौराह्याच्या जरा अलीकडे, जिथं ई-रिक्षावाले रस्ता सासऱ्यानं आंदण दिल्यासारखे आडवे उभे असतात, तिथं जनार्दन लघाटेनं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, गाडी मंदावली, आणि मंदावता मंदावता तिनं त्याला एक ढुशी दिली. फार मोठी नव्हे. वासरू आईच्या कासेला देतं तेवढी. पण ती सीटमधून माकडहाडात शिरली, कण्यावरून चढत मानेपर्यंत आली आणि डाव्या कानामागे, जिथं त्या आजारपणापासून कुणीतरी कायम जागं बसलेलं असतं, तिथं येऊन थांबली. मागचा स्कूटरवाला हॉर्न मारून ओरडला, 'अरे चचा, बढ़ो भी!' आणि कडेनं निघून गेला. जनार्दन हलला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो स्वतःला चाचपत राहिला. डाव्या हाताची बोटं हलतात? हलतात. ओठाचा कोपरा? आरशात पाहिलं. होता तिथंच होता. जीभ? 'जनार्दन नारायण लघाटे,' तो मोठ्यानं म्हणाला. स्वच्छ उमटलं. मग झटका आला तो कुणाला?

त्या घरात हा शब्द कुणी सहज तोंडातून काढत नसे. 'ते झालं तेव्हा', 'त्या वेळी', असं वळसे घेऊन बोलायचं. दाढी करून न्हाणीतून बाहेर येताना त्याची डाव्या पायातली चप्पल मागंच राहिली होती, आणि त्याला ते कळलंच नव्हतं. अनुसूया म्हणाली, 'अहो, चप्पल?' त्यानं वळून पाहिलं तर ती चप्पल दुसऱ्याच कुणाची वाटली, आणि मग तो पायसुद्धा. पुढचं इस्पितळ, सलाइन, तोंडात साठणारी लाळ, ती पुसणारी बायको, हे सगळं त्याला आठवतं ते एखाद्या नातेवाइकाच्या लग्नाची चित्रफीत बघितल्यासारखं. आपण त्यात आहोत, पण आपल्याला कुणी विचारत नाहीये. पाय परत आला, पण उसना आणल्यासारखा. चालताना तो घासतो. खंडेराव गेटच्या गल्लीत घासणाऱ्या पायाला काय काय ऐकावं लागतं ते दोन धड पाय असलेल्याला सांगून कळायचं नाही. पानवाला 'राम राम' म्हणतो आणि नजर चेहऱ्यावरून पायावर घसरते. एकदाही चुकत नाही. लोक चांगले असतात आणि त्यांची नजर हलकट असते, असं जनार्दनचं मत झालं होतं.

गाडीत बसलं की पाय दिसत नाही. एवढी साधी गोष्ट. त्यासाठी त्यानं जुनी क्लचवाली गाडी विकून ही ऑटोमॅटिक घेतली, भांडून घेतली. 'डाव्या पायाला यात कामच नाही,' त्यानं अनुसूयेला समजावलं होतं. ती म्हणाली होती, 'मला तुमच्या हौसेपायी कुंकू पुसायचं नाही.' मुलगा नचिकेत म्हणाला होता, 'पापा, ड्राइवर रख लेंगे ना.' नचिकेतचं असंच. बाप मराठीत बोलणार, तो हिंदीत उत्तर देणार. मराठी त्याच्या कानापर्यंत आली होती, जिभेपर्यंत पोचली नव्हती. ड्रायव्हर म्हणजे काय, तर मागच्या सीटवर पार्सल होऊन बसायचं. जनार्दन ऐकला नाही. गाडी आली, आणि मनात येईल तेव्हा तो समथरच्या रस्त्याला लागू लागला. समथरला त्याचं कुणी नव्हतं. बाजारात गाडी उभी करायची, काच उतरवून चहा मागवायचा, चहावाला 'साहब' म्हणायचा, आणि चहा पिऊन परत यायचं. बस. त्या माणसानं जनार्दनला कधी चालताना पाहिलं नव्हतं. अख्ख्या जिल्ह्यात त्याला धडधाकट समजणारा हा एकच माणूस होता, आणि तो जाईल त्या दिवशी आपण संपलो, हे जनार्दनला कुणी न सांगता ठाऊक होतं.

म्हणून ती ढुशी त्यानं घरी सांगितली नाही. आधी स्वतःच तपासून पाहायचं ठरवलं. समथरच्या मोकळ्या रस्त्यावर, मागंपुढं कुणी नसताना, गाडीला वेग द्यायचा आणि पाय उचलून नुसतं ऐकायचं. आयुष्यभर त्यानं ऐकण्याचंच काम केलं होतं. केंद्र सरकारच्या एका कचेरीत तो हिंदी अनुवादक होता. शुक्ला, त्रिपाठी, श्रीवास्तव असल्या जन्मजात हिंदीवाल्यांचे मसुदे लाल शाईनं रंगवून परत पाठवायचा. 'लघाटे जी, आप तो हमसे अच्छी हिंदी जानते हैं,' असं ते म्हणायचे आणि पाठ वळली की 'घाटे जी', म्हणजे तोट्यातले, म्हणून हसायचे. हसेनात का. व्याकरण त्याच्या बाजूला होतं. गाडीचंही त्यानं तसंच केलं, एकेक क्रियापद सुटं करून पाहिलं. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, वर जाताना काही नाही, तुपातून सुरी फिरावी तसं. गार गाडी खाली येतानाही निमूट येते. पण सिपरी बाजाराची गर्दी कापून तापली की बिघडते, आणि तेही ब्रेक न लावता तिला आपल्या मनानं मंदावू दिलं तरच. तिसऱ्यातून दुसऱ्यात खाली येताना इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा क्षणभर उडतो, आत काहीतरी पकड सोडतं, अंधारात पायरी चुकावी तसं, आणि मग पकडतं. धप्. तेव्हा ढुशी. त्याला इतकं हायसं वाटलं की तो रस्त्याच्या कडेला गाडी लावून एकटाच हसला. रोग गाडीला होता. गाडीला!

आणि दुसऱ्या मिनिटाला मन म्हणालं, कशावरून? ती पायरी चुकल्याची भावना तुला चप्पल राहिली त्याच्या आदल्या आठवड्यातही येत नव्हती का? जिन्यावर? तेव्हाही तू म्हणालास, जिनाच वाईट आहे.

गेटाबाहेरच्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, आत वाकून पाहिलं, थुंकला आणि बुंदेलीत म्हणाला, 'काए घाटे साहब, जा का उठा लाए? इमें तो तेल नापबे की डंडी तक नईंयां. क्लच होतो तो हम कान लगाकें बता देते. जा गाड़ी हमसें बोलत नईंयां, कंपूटर सें बोलत.' वर डोळा मारून म्हणाला, 'और सच्ची बात बताएं दद्दा, जा लुगाइयन की गाड़ी आए.' बायकांची गाडी! भोवतीचे दोघेतिघे फिदीफिदी हसले. जनार्दननं बॉनेट स्वतः आपटून बंद केलं. दोन्ही हातांनी. डाव्या हातानंही जोर दिलेला त्यांना दिसावा म्हणून.

शेवटी नचिकेतला सांगावं लागलं. नचिकेत चांगला मुलगा आहे असं सगळे म्हणतात. इलाइटवरच्या एका खाजगी विमा कचेरीत आहे, सिगरेट ओढत नाही, बापाच्या गोळ्या वेळेवर आणतो. त्यानं गाडी काढली, बापाला शेजारी बसवलं आणि शहराला एक चक्कर मारली. नचिकेत गाडी चालवतो म्हणजे पुढच्याच्या बुडात घुसेपर्यंत वेग ठेवतो आणि मग ब्रेकवर उभा राहतो. त्या हिसक्यात गियर काय, भूकंपही दडपून जाईल. जनार्दनला हे पहिल्याच सिग्नलला उमगलं. 'अरे, तू ब्रेक दाबतोस म्हणून कळत नाही. पाय आधी उचल. सोडून दे तिला.' नचिकेतनं समंजस माणसासारखी मान हलवली आणि पुढच्या सिग्नलला पुन्हा ब्रेकवर उभा राहिला. 'कुछ नहीं है, पापा. मक्खन चल रही है.' म्हणजे हा दोष ज्याला सावकाश थांबता येतं त्यालाच दिसणार होता. घाईनं थांबणाऱ्यांच्या जगात तो दोषच नव्हता.

सर्व्हिस सेंटर गावाबाहेर, काचेचं, आत शिरलं की थंडगार आणि लिंबाचा वास. तिथला सल्लागार पोरगेला, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. त्यानं स्टिअरिंगखाली यंत्र जोडलं, रेघा पळाल्या, थांबल्या, बिघाडाचा कुठलाच आकडा उमटला नाही. 'कोई कोड नहीं है सर. गाड़ी में कुछ होता तो गाड़ी खुद बताती.' जनार्दनला वाटलं, याच्या कानफटात द्यावी आणि म्हणावं, तुझ्यात काही बिघडलं तर तू स्वतः सांगतोस का रे? पण तो शांतपणे म्हणाला, 'देखिए, तीसरे से खाली आते हुए झटका लगता है.'

'खाली में?'

'हाँ, खाली आते हुए.'

'मतलब कोई साथ हो तब नहीं लगता?'

जनार्दनला वाटलं, हा नचिकेतबद्दल विचारतोय. 'नहीं. बेटा साथ था, तब कुछ नहीं हुआ.'

'तो अकेले में ही लगता है आपको.'

'हाँ भाई, वही तो कह रहा हूँ.'

सल्लागारानं एकदा त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पायाकडे. मग फार गोड आवाजात म्हणाला, 'ठीक है अंकल, हम देख लेते हैं, आप बैठिए.' सरचा अंकल झाला होता. तो शब्द जनार्दनच्या ध्यानात आला. दुसरा आला नाही.

संध्याकाळी जेवायला बसले तेव्हा नचिकेतनं पोळी मोडली आणि तशीच धरून ठेवली. 'पापा, सर्विसवाले का फोन आया था मुझे.'

'तुला कशाला? मी दिलाय ना माझा नंबर. काय म्हणाला? तेल बदलायचं म्हणाला का?'

'गाड़ी एकदम ठीक है.' नचिकेतनं आईकडे पाहिलं. 'ये झटके आपको कब से आ रहे हैं?'

अनुसूयेच्या हातातली वरणाची पळी पातेल्यावर आपटली. 'कसले झटके?'

'मला नाही ग. गाडीला.'

'पापा, आपने खुद उससे बोला है. खाली में झटका आता है. अकेले होता हूँ तभी आता है, कोई साथ हो तो नहीं आता. उसने दो बार पूछा आपसे.'

खाली. तो शब्द ताटावर पडल्यासारखा जनार्दनला दिसला. खाली म्हणजे रिकामं. खाली म्हणजे एकटं. हिंदीत. आणि आपण म्हणालो ते मराठीतलं खाली. खालचं खाली. नीचे म्हणायचं होतं. नीचे! ज्या माणसानं तीस-पस्तीस वर्षं हिंदीवाल्यांच्या हिंदीचे कान पिळले, त्यानं असं बोलावं? ही चूक बबीनाच्या छावणीत नव्यानं बदलून आलेल्या फौजींच्या बायकांची. गणेशोत्सवात एका हवालदाराच्या बायकोनं, पुष्पानं, तंबूवाल्याला बजावलं होतं, 'भैया, कुर्सियाँ खाली रखना.' गाडीवरून खाली उतरवून ठेव, इतकंच बिचारीला म्हणायचं होतं. तंबूवाला इमानी. त्यानं आरती होईपर्यंत खुर्च्यांवर कुणाला टेकू दिलं नाही. अख्खं मंडळ उभं आणि खुर्च्या रिकाम्या. जनार्दननं ही गोष्ट किती बैठकींत रंगवून सांगितली होती, पुष्पाचा सातारी हेल काढून. आपण अडीचशे वर्षांचे झाशीकर, आपली हिंदी आईच्या दुधाबरोबर आलेली, आपण कसे चुकणार, असं म्हणत.

चूक सांगून टाकायची, की संपलं. 'अरे, मी खाली म्हणालो ते मराठीतलं.' ओठांवर आलं होतं. पण त्याच ओठांमागे ग्वाल्हेरचा डॉक्टर उभा राहिला. इस्पितळातून सोडताना तो अनुसूयेला म्हणाला होता, यांना दोन भाषा आहेत, तर लक्ष ठेवा. एका भाषेत बोलता बोलता दुसरीतले शब्द येऊ लागले, नेहमीचे शब्द जागा सोडू लागले, तर थांबू नका, घेऊन या. अनुसूया तेव्हापासून त्याचं बोलणं तांदळासारखं निवडत असे. तेव्हा आता दोनच वाटा. शब्द मान्य केला, तर गाडीचा दोष खरा ठरतो आणि मेंदूचा निघतो. नाही केला, तर मेंदू शाबूत आणि झटके आपले. दोन्हीकडून किल्ली जाते. कुणीतरी बसून जुळवलेला सापळासुद्धा इतका चोख नसता, आणि हा तर कुणीच लावला नव्हता. मी खरंच चुकलो की जीभ चुकली? जीभ चुकली म्हणजे कोण चुकलं?

'मी असं काही म्हणालोच नाही,' तो म्हणाला.

'तो वो झूठ बोल रहा है?'

'त्याला हिंदी येत नाही.'

नचिकेत हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं पोळीचा तुकडा खाली ठेवला आणि आईकडे पाहिलं, आणि आईनं त्याच्याकडे. त्या दोन नजरांच्या मधून जनार्दन पार निघून गेला, जसा काही तिथं बसलेलाच नव्हता. सून चारुता, ग्वाल्हेरची, मराठी बोलणारी, हळूच म्हणाली, 'बाबा, थोडे दिवस नाही चालवली तर काय बिघडलं? मी सोडत जाईन ना तुम्हाला.' तिला शाळेत शिकवायला स्कूटरनं जावं लागतं, उन्हात ती काळवंडते, हे सगळ्यांना माहीत होतं. तिनं ते म्हटलं नाही. या घरात कुणीच वाईट नव्हतं. तेच तर होतं. वाईट असतं तर शिवी देता आली असती.

सकाळी दाराजवळच्या खिळ्यावर किल्ली नव्हती. जनार्दननं विचारलं नाही. त्यांना वाटलं, त्याच्या लक्षात आलं नाही. तेही लक्षणांत जमा झालं असणार.

ग्वाल्हेरला निघाले तेव्हा गाडी नचिकेतच्या हातात, जनार्दन शेजारी, अनुसूया मागे पिशवीत जुने रिपोर्ट घेऊन. दतिया गेलं. रस्ता ताटासारखा सपाट. जनार्दन फक्त ऐकत होता. गाडी तापली होती. पुढं टोलनाका आला, लांबवर रांग दिसली, आणि नचिकेतनं, आई मागं बसली आहे म्हणून असेल, आयुष्यात पहिल्यांदा पाय वेळेवर उचलला. ब्रेक लावला नाही. गाडी आपल्या मनानं मंदावू लागली. जनार्दननं श्वास धरला. आता. आत्ता. काटा उडाला, आत काहीतरी निसटलं, धरलं, आणि धप् करून तिघांच्या माना एकदम पुढं गेल्या. अनुसूयेच्या मांडीवरची पिशवी सरकली. जनार्दनच्या छातीत काय झालं म्हणून सांगावं! परीक्षेच्या निकालात स्वतःचं नाव सापडावं तसं. त्यानं नचिकेतकडे पाहिलं. नचिकेत समोर पाहत होता. त्याची बोटं स्टिअरिंगवर पांढरी झाली होती. त्याला लागलं होतं. शंकाच नको, लागलं होतं.

'काय होतं रे ते?' जनार्दननं विचारलं.

'रोड ख़राब है,' नचिकेत म्हणाला.

मागून अनुसूया म्हणाली, 'हो बाई, खड्डाच असेल.' आणि पिशवी वर घेतली.

जनार्दननं रस्त्याकडे पाहिलं. त्या रस्त्यावर गोट्या खेळता आल्या असत्या. माणसाला वेडं ठरवायला वाईट माणसं लागत नाहीत. घाबरलेली, थकलेली आणि आधीच डॉक्टरची वेळ घेऊन ठेवलेली माणसं पुरतात. एवढ्या लांब आल्यावर कोण म्हणेल, चला परत, गाडीच बिघडली आहे?

डॉक्टरनं त्याला बोट नाकाला लावायला सांगितलं, रेघेवर चालवलं, गुडघ्यावर हातोडी मारली. आजचा वार विचारला. जनार्दननं वार सांगितला आणि न विचारता तिथीही सांगितली. 'तो झटके आते हैं आपको?' डॉक्टरनं कागदावर पाहत विचारलं. आणि जनार्दनचा इतक्या दिवसांचा राग एकदम वर आला, आणि येताना नेमका चेष्टेचं तोंड घेऊन आला.

'मुझे नहीं, डॉक्टर साहब. इनको आया है.' त्यानं नचिकेतकडे बोट केलं. 'आज सुबह, टोल के पास. छुपा रहे हैं. आप ज़रा इनका घुटना देखिए.'

डॉक्टरनं नचिकेतकडे पाहिलं. नचिकेतनं डोळे मिटले आणि मान अगदी थोडी हलवली. रोग्याच्या डोक्यावरून हलवतात तशी. डॉक्टरनंही तशीच हलवली. 'ऐसी बातें अक्सर करते हैं?' 'आजकल,' नचिकेत म्हणाला. अनुसूया पदरानं डोळे टिपू लागली. जनार्दनला ओरडावंसं वाटलं, अरे गाढवांनो, ही कोटी आहे! हिला कोटी म्हणतात! पण कोटी समजावून सांगणाऱ्याइतका केविलवाणा माणूस जगात दुसरा नसतो. डॉक्टरनं लिहिलं. लिहून झाल्यावर त्याच्याशी नव्हे, नचिकेतशी बोलला, 'फ़िलहाल ड्राइविंग बिल्कुल नहीं.'

बिल्कुल नहीं. होळी गेली, ऊन चढलं. गाडी चारुताला शाळेत नेऊ लागली, नचिकेतला कचेरीत. जनार्दन गच्चीच्या कठड्याशी उभा राहून ती गल्लीतून जाताना-येताना ऐके. उन्हाबरोबर आवाज बिघडत चालला होता. वळणाशी ती मंदावली की त्याला वरूनही कळे. एकदा नचिकेत घरापुढं गाडी उभी करून इंजिन चालू ठेवून कितीतरी वेळ आतच बसून राहिला, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान जरा कलती. जनार्दननं ती बसण्याची तऱ्हा ओळखली. चहाच्या वेळी चारुता नवऱ्याला म्हणत होती, 'मला तर नाही बाई काही जाणवत. तुम्हीच फार मनाला लावून घेता.' नचिकेतनं कप आपटला. सर्व्हिस सेंटरला तो दोनदा जाऊन आला. तिथं त्याला सांगितलं, कोड नाही. तिथं त्याला विचारलं, सर, आप चलाते कैसे हैं? हे जनार्दनला कुणी सांगितलं नाही. नचिकेत फोनवर ओरडत होता त्यावरून त्याला समजलं. त्याला फार बरं वाटलं. भूक लागली.

मग एके दिवशी, फिजिओथेरपीहून परतताना, नचिकेतनं गाडी घराकडे न वळवता सरळ सर्व्हिस सेंटरला नेली. तोच सल्लागार पुढं शेजारी येऊन बसला, जनार्दन मागं. तिघं बाहेरच्या रस्त्याला लागले. नचिकेत आता फार काळजीपूर्वक चालवत होता. पाय उचलायचा तर फुंकर घातल्यासारखा. तापलेली गाडी मंदावत आली, काटा उडाला आणि धप्. सीट हलली. जनार्दनच्या माकडहाडापर्यंत पोचली.

'ये! ये देखा?' नचिकेत जवळजवळ किंचाळला.

'क्या सर?' सल्लागार म्हणाला. 'मुझे तो कुछ नहीं लगा. ऑटोमैटिक में इतना तो रहता है सर.'

'कैसे नहीं लगा? इतना बड़ा झटका. पापा!' नचिकेतनं गाडी कडेला घेतली आणि मागं वळला. 'पापा, आपको तो लगा ना? बताइए इनको. आपने तो शुरू से कहा था.'

शुरू से कहा था. म्हणजे आठवतं सगळं. जनार्दननं मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं, कपाळावर घाम, ओठाचा कोपरा थरथरत होता. या चेहऱ्याला काय हवंय ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? एक माणूस. होय, मलाही लागलं, म्हणणारा एकच माणूस. होय म्हटलं तर? दोघांची साक्ष झाली, गाडी आत घेतील, उघडतील, काहीतरी झिजलेलं सापडेल. ते हातात घेऊन घरी जाता येईल. अनुसूयेपुढं ठेवता येईल. कदाचित किल्लीही. कदाचित समथर, काच उतरवून चहा. इतकं सगळं एका 'होय'च्या पलीकडे मांडून ठेवलेलं होतं, आणि ते त्याला स्वच्छ दिसत होतं. त्याचबरोबर ग्वाल्हेरच्या खोलीत, त्याच्या डोक्यावरून, अगदी थोडी हललेली ती मानही दिसत होती.

'नहीं,' जनार्दन म्हणाला. आयुष्यात इतकी निर्दोष हिंदी तो बोलला नव्हता. 'मुझे तो ऐसा कुछ अनुभव नहीं हुआ.'

सल्लागारानं खांदे उडवले. नचिकेत तसाच वळलेला राहिला. मग लहानपणी गाडलेलं काहीतरी उकरून काढल्यासारखं, अडखळत, लिंगवचनाची भीती बाळगत, तो म्हणाला, 'बाबा, खरं बोला ना. मला खूप... मला भीती वाटतो.'

वाटते. वाटते रे, जनार्दनच्या मनातली लाल शाई म्हणाली. डावा पाय थरथरायला लागला होता. त्यानं तो उजव्या पायाखाली दाबून धरला.

'सच ही कह रहा हूँ, बेटा,' तो म्हणाला. 'चलो. धूप बहुत है.'